शेततळ्यात मरळ पाळताना

शेततळ्यात मासे सोडायचे म्हटले की दारव्हा तालुक्यातला शेतकरी आधी पाण्याचा हिशेब मांडतो. भादव्यात तळे काठोकाठ असते. हरभऱ्याला, तुरीला पाणी दिले की माघात ते अर्ध्यावर येते आणि चैत्रात तळाशी कमरेएवढे उरते. कटला, रोहू, मृगळ यांना हे सोसत नाही. पाणी आटून तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागतात आणि पावशेर-अर्ध्या किलोचे असतानाच मिळेल त्या भावाने काढून द्यावे लागतात. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, मरळ सोडून पाहा. सल्ला चांगला आहे. मरळ कमी पाण्यात टिकते, जिवंत विकता येते आणि विदर्भात तिला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. पण ती पक्की शिकारी आहे. तिच्याबाबत पाण्याचा हिशेब दुसरा, पहिला हिशेब तिच्या पोटाचा. रोज काय खाऊ घालणार, ते कुठून आणणार आणि सगळे मिळून किती पैसे लागणार, हे कागदावर मांडल्याशिवाय एकही बोटुकले विकत घेऊ नका. मरळपालनात जे बुडाले, त्यातले बहुतेक इथेच बुडाले आहेत.

आपल्याकडे मरळीच्या भावकीतले तीन-चार मासे सापडतात. ओढ्या-नाल्यात वीतभर वाढणारे डोक, डबक्यातली ठिपक्यांची लहान जात, पट्टेरी मरळ आणि मोठ्या नदीच्या डोहात मीटरभराहून लांब होणारी मोठी मरळ. सर्वांचे डोके सापासारखे चपटे, अंग लांबट गोल आणि जबडा दातांनी भरलेला. पाळण्यासाठी घ्यायची ती पट्टेरी मरळ. पाठ काळपट, पोट पांढुरके आणि कुशीवर तिरपे गडद पट्टे, ही तिची खूण. काटे कमी, मांस घट्ट, त्यामुळे आजारातून उठलेल्याला आणि लेकराबाळांना ती आवर्जून खाऊ घालतात. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला तिलाच कोरमीनू म्हणतात आणि तेलंगणाने २०१६ मध्ये तिला राज्यमासा ठरवले आहे. मृगाच्या सुरुवातीला हैदराबादेत दम्यासाठी म्हणून जो जिवंत लहान मासा गिळायला देतात, तोही मरळीचाच. त्या उपायाला वैद्यकीय आधार नाही, दम्याच्या रुग्णाने आपले औषध सोडू नये. मात्र शेजारच्या राज्यात या माशाची ओढ किती आहे, हे त्यावरून कळते. आपला यवतमाळ जिल्हा त्या बाजारपेठेला लागूनच आहे.

मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा धरणारे कप्पे असतात. ती दर थोड्या वेळाने वर येते, तोंडाने हवा घेते आणि खाली जाते. म्हणूनच गढूळ, प्राणवायू नसलेल्या पाण्यात आणि ओल्या चिखलातही ती तग धरते. याची दुसरी बाजू फार जण विसरतात. तिला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. तळ्यावर शेवाळाचा किंवा जलपर्णीचा जाड थर साचला, जाळ्यात अडकून ती खालीच राहिली किंवा नेताना डबा पाण्याने गच्च भरून झाकण लावले, तर मरळ दगावणारच. खोल तळे तिच्या फारसे कामाचे नाही, कारण दर श्वासाला तळापासून वर यायचे म्हणजे खाल्लेले त्यातच खर्ची पडते. मीटर ते दीड मीटर पाणी उत्तम.

आता कोणी मरळ सोडू नये ते सांगतो. ज्यांच्या तळ्यात कटला-रोहूची बोटुकली आहेत, त्यांनी मुळीच सोडू नये. दोन-तीन महिन्यांत तळे रिकामे होईल आणि आपण बगळ्यांना, चोरांना दोष देत बसू. तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थांनी तर मरळ, शिवडा, शिंगाळा या सर्वच शिकारी माशांना धरून हिशेब करावा. जुन्या गावतलावात ते असतातच. तिथे बोटाएवढे बीज टाकणे म्हणजे त्यांना खाद्य टाकणे, त्यामुळे कटल्याचे बीज निदान चार इंचांचे झाल्यावर सोडावे. एका तळ्यात मात्र मरळ इतर माशांबरोबर खुशाल सोडावी, ते म्हणजे चिलापीने भरलेले तळे. चिलापी इतकी वितात की शेवटी सगळ्यांचीच वाढ खुंटते. अशा तळ्यात थोड्या मरळी सोडल्या की त्या पिल्ले खातात, उरलेली चिलापी अंगाने भरते आणि मरळीचा खाण्याचा खर्चही वाचतो.

पहिल्या वर्षी लहान तळे घ्या. वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद, म्हणजे चार गुंठ्यांचे तळे शिकायला पुरेसे आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून २०१६ नंतर आपल्या भागात जी तळी झाली, त्यातली पुष्कळ याच्या आसपासच्या मापाची आहेत. तळे मातीचे असेल तर बीज सोडण्याआधी ते पूर्ण आटवून भेगा पडेपर्यंत तापू द्यावे, कारण जुन्या मरळी आणि डोक गाळात दडून राहतात. पूर्ण आटत नसेल तर मोहाची पेंड वापरावी. आपल्या भागात ती मिळते. घनमीटर पाण्याला पावकिलो असे प्रमाण धरले तर मीटरभर पाणी असलेल्या चार गुंठ्यांच्या तळ्याला एक क्विंटल पेंड लागते. तिने मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विष उतरते आणि पुढे तिचेच खत होते. त्या काळात गुरांना ते पाणी पाजू नये. नंतर आठ-दहा किलो चुना तळभर सारखा फेकावा. प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तळ्यात पेंडीची गरज नाही, मात्र तळाशी वीतभर माती असलेली बरी.

अस्तराच्या तळ्याबद्दल माशांच्या आधी माणसांचे सांगितले पाहिजे. ओल्या प्लॅस्टिकच्या उतारावर पाय घसरला की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, आणि दरवर्षी अशा तळ्यांत लेकरे बुडाल्याच्या बातम्या येतात. मासे पाळले की रोज दोनदा काठावर जाणे आले, मुलांचे कुतूहलही वाढणार. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, त्यांना जुन्या टायर-ट्यूब बांधा, फाटकाला कुलूप लावा. हे झाल्याशिवाय तळ्यात मासा सोडू नका.

कुंपण मरळीसाठीही लागतेच. पावसाची झड लागली की ती उसळी मारते, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्याकडे निघते. एका रात्रीच्या पावसात तळ्यातल्या पुष्कळ मरळी शेजारच्या नाल्यात गेल्या, असे होऊ शकते. काठाच्या आत चारेक फूट उंचीची नायलॉन जाळी आतल्या बाजूला किंचित कलती लावावी आणि तिचा खालचा काठ वीतभर मातीत पुरावा. सांडव्याला बारीक जाळी हवीच. पहिले दोन महिने तळ्यावर आडव्या दोऱ्या किंवा पक्षीजाळी ताणली तर खंड्या, पाणकावळा आणि बगळा यांच्यापासून पिल्ले वाचतात. दिवड मात्र जाळीतूनही वाट काढतो. काठावरचे गवत कापत राहणे हाच त्याच्यावरचा उपाय, त्याला मारू नका, तो बिनविषारी असतो. उन्हाळ्यासाठी तळ्याच्या एका कोपऱ्यावर हिरवी शेडनेट ताणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि रोज सुमारे सेंटिमीटरभर पाणी नुसत्या उन्हाने उडते. त्या दिवसांत मरळी सावलीच्या कोपऱ्यातच जमलेल्या दिसतील.

बीज कुठून आणावे, हा प्रश्न नेहमी येतो. सर्वांत सोपी वाट म्हणजे अडाण नदीत किंवा नाल्यात लाल पिल्लांचा थवा दिसला की बादलीने उपसून आणणे. ही वाट कोणीही धरू नये. मरळ पावसाळ्यात काठच्या गवतात घरटे करते, तिची पिवळसर अंडी पाण्यावर तरंगतात आणि साधारण एक ते दीड दिवसात फुटतात. पुढे जवळपास महिनाभर नर-मादी त्या नारिंगी-लाल पिल्लांच्या खाली फिरत राखण करतात. पिल्ले एकदम हवा घ्यायला वर आली की पाणी उकळल्यासारखे दिसते, आणि नेमके तेवढे पाहून लोक तिथे गळ टाकतात. राखणदार मरळ जवळ येणाऱ्या कशावरही झडप घालते, त्यामुळे ती हमखास सापडते. एक मोठा मासा मिळतो आणि मागची शेकडो पिल्ले दिवसभरात इतर माशांच्या पोटात जातात. अडाणेत आणि अरुणावतीत मरळ का दिसत नाही असे विचारणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमधली ही मारामारी आधी थांबवावी. डोहात सुतळी बॉम्ब फोडणे आणि ब्लीचिंग पावडर ओतणे तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

शिवाय नदीतले पिल्लू पाळायलाही कुचकामी असते. त्याला हलते खाद्यच कळते, गोळी खाद्य त्याच्या समोरून वाहून जाते आणि ते भावंडांनाच खाऊ लागते. म्हणून संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन प्रजनन करणाऱ्या उबवणी केंद्रातून, गोळी खाद्यावर आलेली, तीन-चार इंचांची बोटुकली घ्यावीत. तेलंगणा आणि आंध्रात अशी केंद्रे आहेत. नागपूरचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आणि यवतमाळचे मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांचे कार्यालय यांच्याकडे आधी चौकशी करा. गाडी भरण्यापूर्वी विक्रेत्याला एका टबात शंभर बोटुकली सोडायला सांगा आणि त्यावर मूठभर गोळी खाद्य टाका. मिनिटभरात पाणी उसळले तर बीज खाद्यावर आले आहे. दोन-चारच पुढे झाली तर पैसे परत खिशात घाला. सगळी एका मापाची आहेत का, हेही तिथेच पाहा. मरळीचे पिल्लू आपल्या निम्म्या लांबीचे भावंड सहज गिळते, आणि निम्म्याहून मोठे असले तरी प्रयत्न सोडत नाही.

या खरेदीत एक फसवणूक नेहमी होते. मरळ किंवा गावरान मांगूर म्हणून आफ्रिकन मांगूर गळ्यात मारला जातो. बाजारात त्याला थाई मांगूर म्हणतात. मरळीला मिशा नसतात, म्हणून मिशांचा मासा दिसला की मरळीची गोष्ट तिथेच संपते. गावरान मांगूर की परका, हे ओळखणे थोडे अवघड आहे. परक्याच्या अंगावर संगमरवरासारखे काळे-राखाडी डाग असतात, डोके मोठे आणि खरखरीत असते आणि तो काही महिन्यांत किलोच्या पुढे जातो. गावरान मांगूर तपकिरी-लालसर, मऊ अंगाचा, आणि अर्ध्या किलोला पोचायला त्याला खूप वेळ लागतो. केंद्र सरकारने २००० मध्ये या परक्या माशाच्या पालनावर बंदी घातली आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर महाराष्ट्रात अनेक तळ्यांतला साठा नष्ट करण्यात आला. बंदीची कारणे भक्कम आहेत. तो दिसेल ते खातो, कत्तलखान्याच्या घाणीवर वाढवला जातो, आणि पुरात एकदा नदीत शिरला की तिथल्या मरळीला, शिंगीला, गावरान मांगुरला जागा ठेवत नाही. तळे सांडले की पाणी नाल्याने अडाणेला, अडाणेतून पैनगंगेला जाते. तुमच्या बांधावरची चूक थेट तिथवर पोचते.

बीज आणले की एकदम तळ्यात सोडू नका. पिशव्या अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडे-थोडे पाणी आत घ्या. पहिले महिना-दीड महिना बोटुकली तळ्यातच बांधलेल्या हाप्यात, म्हणजे मच्छरदाणीसारख्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवावीत. वरून झाकण हवे, नाहीतर उड्या मारून निघून जातील. दर दहा-पंधरा दिवसांनी मोठी आणि लहान वेगळी करून दोन हाप्यांत ठेवा. हे काम सकाळी थंडाव्यात, आदल्या संध्याकाळचे खाद्य बंद ठेवून आणि ओल्या हातांनी करावे. कंटाळवाणे काम आहे, पण ज्याने दोनदा तरी निवड केली त्याच्याकडे शेवटी मासे उरतात. चार गुंठ्यांत सहाशे बोटुकली पुरेत. चौरस मीटरला दीड ते दोन ही सुरुवातीची मर्यादा समजा.

आता खाद्य. आपल्या घरी सोयाबीन आहे, सरकीची पेंड आहे, तूरचुरी आहे. साहजिकच हेच घालावे असे वाटते. रोहू-कटल्याला ते चालते. मरळीचे आतडे आखूड, मांस पचवायला घडलेले. नुसत्या पेंडीवर तिची वाढ होत नाही, आणि सरकीत गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असते ते वेगळेच. तिला प्रथिने हवीत. लहानपणी खाद्यात चाळीस टक्क्यांहून अधिक, पुढे पस्तीस-चाळीस टक्के. तरंगणारे तयार गोळी खाद्य घ्या. ते महाग असते, पण किती खाल्ले आणि किती उरले हे डोळ्यांनी दिसते. बुडणारे खाद्य तळाशी कुजते आणि आपल्याला कळतही नाही.

सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या आठ-दहा टक्के खाद्य दिवसातून चार वेळा विभागून द्यावे. सहाशे बोटुकली दहा-दहा ग्रॅमची धरली तर एकूण वजन सहा किलो, म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा किलो खाद्य. मासे वाढतील तसे प्रमाण उतरवत तीन टक्क्यांवर आणा आणि वेळा दोन करा, सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी. जागा एकच ठेवा. पाइपचा गोल तरंगता ठेवून त्यातच खाद्य टाकले की ते वाऱ्याने काठाला लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढेच टाका. दर पंधरवड्याला वीस-पंचवीस मासे धरून वजन करा आणि त्यावरून पुढचे माप ठरवा. अंदाजाने टाकणारा दोन्हीकडून हरतो. कमी टाकले तर मरळी एकमेकींना खातात, आणि एकदा ती सवय लागली की नंतर पोटभर खाद्य देऊनही जात नाही. जास्त टाकले तर पाणी नासते.

कोंबडीच्या दुकानातली आतडी-पिसे फुकट मिळतात, हा मोह फार मोठा आहे. तो टाळा. त्याने पाण्याला घाण येते, माशाच्या अंगाला वास लागतो, रोग येतात आणि गिऱ्हाईक एकदा फिरले की परत येत नाही. घरचेच काही द्यायचे असेल तर गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळे द्या, सुकट दळून कणकेत मिसळा, किंवा शेजारच्या डबक्यात चिलापी वाढवून तिची पिल्ले घाला. यातले काहीही मुख्य खाद्याला जोड म्हणूनच.

हिशेब असा मांडा. सहाशेतली सत्तर टक्के जगली तर चारशे वीस. आठ-नऊ महिन्यांत सातशे ग्रॅमची सरासरी पकडली तर तीन क्विंटलच्या आत-बाहेर माल. किलोभर मरळीला दीड ते दोन किलो गोळी खाद्य लागते, म्हणजे साडेचार ते सहा क्विंटल. यात आजचा खाद्याचा भाव, बोटुकल्यांचा भाव, जाळी, आणि दारव्हा किंवा यवतमाळच्या बाजारातला जिवंत मरळीचा घाऊक भाव स्वतः विचारून भरा. दुकानात गिऱ्हाईकाला सांगतात तो किरकोळ भाव धरलात तर कागदावर नफा दिसेल, हातात येणार नाही. खाद्याचे पाच महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढता येत नसतील तर बोटुकली तीनशेच सोडा. सोयाबीन विकून खाद्य घेऊ या भरवशावर बसू नका. सोयाबीनचा भाव पडला म्हणून मरळ उपाशी राहत नाही, ती शेजारणीला खाते. मत्स्यपालकाला किसान क्रेडिट कार्ड मिळू शकते, बँकेत त्याची विचारणा करा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला चाळीस आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदानाची तरतूद होती. सध्या कोणत्या घटकाला पैसे उपलब्ध आहेत ते सहायक आयुक्त कार्यालयात विचारूनच काम सुरू करा. अनुदान मंजूर होण्याआधी केलेला खर्च धरला जाईल असे गृहीत धरू नये.

आपल्या जिल्ह्यात मरळीचा सर्वांत मोठा वैरी खंड्याही नाही आणि रोगही नाही, तो पाठीवरचा फवारणी पंप आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते दुःख अजून घराघरांत आहे. जी औषधे माणसाला अशी भोवतात, त्यांची फार थोडी मात्रा माशाला पुरते. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही औषधे तर माणसापेक्षा माशाला कितीतरी पटींनी जहाल आहेत. मरळ हवा घेते म्हणून विषातूनही वाचेल, असे कोणी समजू नये. विष कल्ल्यांतून अंगात जाते. तळ्याच्या काठावर पंप धुऊ नका, औषधाचा डबा त्यात विसळू नका, तळ्यातले पाणी काढायला औषधाची बादली वापरू नका. कपाशीच्या वावरातले पाणी थेट तळ्यात येत असेल तर वरच्या बाजूने चर काढून ते वळवा. तळे पहिल्या पावसात भरायचे असले तरी फवारणीचा हंगाम सुरू झाल्यावर वावरातले पाणी आत घेणे बंद करा. शेजाऱ्याच्या वावरातून तळ्याकडे वारा वाहत असेल तर त्याच्याशी बोलून ठेवा, फवारणीच्या दिवशी निदान कळवा म्हणावे. हे बोलणे बीज आणण्याआधी व्हावे, मासे मेल्यावर बोलणे म्हणजे भांडण.

रोगांत एकाची भीती खरी आहे. १९८८ च्या सुमारास ईशान्येकडून भारतात शिरलेला लाल व्रणाचा रोग मरळीला फार लवकर धरतो. एका पाणबुरशीमुळे तो होतो. थंडी पडली, पाण्याचा पारा उतरला की अंगावर लाल ठिपके दिसतात, त्यांचे व्रण होतात आणि मांस उघडे पडते. त्यामुळे कार्तिक लागण्याआधी एकदा चुना टाकावा, थंडीत भूक मंदावते तेव्हा खाद्य कमी करावे आणि त्या दिवसांत मासे जाळ्याने विनाकारण हाताळू नयेत. खरवडलेल्या अंगातूनच रोग शिरतो. ठिपके दिसलेच तर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने तयार केलेले सीफॅक्स हे औषध मिळवा. त्याचे प्रमाण हेक्टरभर क्षेत्रात मीटरभर पाण्याला एक लिटर, म्हणजे आपल्या चार गुंठ्यांना अवघे चाळीस मिलिलिटर. जास्त टाकल्याने लवकर बरे होत नाही. मेलेला मासा नाल्यात फेकू नका, चुना घालून पुरा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोडलेल्या मरळी एप्रिल-मेमध्ये विकायला येतात. नदी-नाले तेव्हा आटलेले असतात आणि जिवंत माशाची आवक कमी असते, त्यामुळे हा काळ चांगला. एका दिवसात सगळे तळे उपसू नका. सातशे ग्रॅमच्या वरच्या आधी काढा, लहानांना आणखी महिना द्या. व्यापारी येण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, पोट रिकामे असले की मासा प्रवासात घाण करत नाही आणि जास्त वेळ जगतो. पसरट टबात पाठ जेमतेम बुडेल एवढेच पाणी घ्या, वरून जाळी बांधा, ओले गोणपाट टाका आणि गाडी पहाटे काढा. बाजारात मरळ जिवंत पोचली तर एक भाव, मेलेली पोचली तर दुसरा.

शेवटचे पाणी काढल्यावर गाळ हाताने चाचपून पाहा. मोठ्या मरळी तिथेच दबून बसतात, आणि काढल्या तेवढ्याच होत्या असे समजून लोक पुढच्या पावसात त्याच तळ्यात कटल्याचे बीज टाकतात. फावड्याने कोपरे उकरा, सावलीचा कोपरा तर नक्कीच. तळे निदान पंधरा दिवस उघडे तापू द्या. अस्तराचे असेल तर जोडपट्ट्यांखाली माती साचली आहे का तेही बघून घ्या. पुन्हा मरळच घ्यायची असेल तरी हे करावे, कारण राहिलेली एक किलोची मरळ नव्या सहाशेतली किती उरू देईल ते सांगता येत नाही.